मदत हवी आहे: सकाळी सातची बस, रात्री नऊला घर. डब्यातून पुरेसं प्रोटीन कसं न्यायचं?

नमस्कार मंडळी,

मी वारज्याला राहते, नोकरी हिंजवडीत. वय 41, वजन 58 किलो. दोन-तीन महिन्यांपासून केस खूप गळतायत आणि दुपारी चारनंतर अंगात त्राणच उरत नाही. तपासण्या झाल्या, हिमोग्लोबिन, थायरॉइड, किडनी सगळं ठीक आहे. काय काय खाता हे ऐकल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, प्रोटीन वाढवा, वजनाच्या किलोमागे निदान 1 ग्रॅम तरी पोटात जाऊ दे.

म्हणून मागच्या आठवड्यात स्वयंपाकघरातला काटा काढला. रात्रीच्या आमटीला आमच्याकडे चौघांत पाऊण वाटी तूरडाळ लागते. ती भरली 100 ग्रॅम, म्हणजे साधारण 22 ग्रॅम प्रोटीन. माझ्या वाटीत आले साडेपाच! इतकी वर्षं मी समजत होते की रोज वरण-आमटी खातो, म्हणजे प्रोटीनचं बघायला नको. त्यात सकाळची आमटी माझ्या वाट्याला येतच नाही. बसमध्ये सांडते म्हणून डब्यात फक्त पोळी-भाजी. पोहे, तीन पोळ्या, रात्रीचं जेवण आणि झोपताना कपभर दूध धरून बेरीज 36च्या आसपास जाते, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त रात्री साडेनऊनंतर पोटात पडतं. दिवसभर जवळजवळ काहीच नाही.

करून पाहिलेलं सांगते, म्हणजे तेच परत सुचवायला नको. मोड आलेल्या मटकीची उसळ नेली, पण एप्रिलात दुपारपर्यंत तार सुटली. घरात अंडं चालत नाही, आणि सासूबाईंना दुखवून मला ते आणायचं नाही. ऑफिसच्या कँटीनमध्ये ऑम्लेट मिळतं, पण चांदणी चौकात बस अडकली की पोचेपर्यंत नाश्ता बंद झालेला असतो. पनीर आवडतं, 100 ग्रॅममध्ये 18 ग्रॅमच्या आसपास मिळतात, पण रोज परवडत नाही. मुगाची धिरडी मात्र जमली. डाळ रात्री वाटून फ्रिजमध्ये ठेवायची, सकाळी तवा तापलेलाच असतो. फक्त गार झाली की चिवट होतात.

आता नेमकं विचारते:

कोरडं पिठलं किंवा झुणका सोडून, गार खाल्लं तरी चांगलं लागेल आणि उन्हाळ्यात दोन वाजेपर्यंत टिकेल असं डाळीचं काय नेता येईल? वाटली डाळ टिकते का? धिरडी मऊ राहायला पिठात काय घालता?

सोयाच्या वड्यांत प्रोटीन भरपूर, कोरड्या 100 ग्रॅमला 50च्या वर, पण माझ्या हातच्या वड्यांना उग्र वास राहतो. दोनदा गरम पाण्यातून पिळून काढल्या तरी जात नाही. कुणाला जमलंय का?

आणि सकाळी बसमध्येच पिता येईल असं काही? पंढरपुरी डाळ्याचं पीठ ताकात कालवून बाटलीत न्यायचा विचार आहे. तासाभरात तळाशी बसेल का, की पातळ ठेवलं तर चालेल? नवरा प्रोटीन पावडर आण म्हणतो. तो शेवटचा उपाय ठेवलाय, आधी घरच्या जिन्नसांतून 58 गाठून बघायचंय.

रोज सकाळी साडेपाचला उठून दोन शेगड्यांवर चार डबे करते. त्यात दहा मिनिटं जास्तीची निघतील, त्याहून नाही. तेवढ्यात बसेल असं सांगा.