इतिवृत्तातला ‘अॅक्रिमोनियस’

सेक्रेटरी: सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा ग्रुपवर टाकला आहे. हरकती बुधवारपर्यंत कळवाव्यात.

वहिनी (बी-२०४): पान २, मुद्दा ६. ‘व्हिजिटर पार्किंगवर अॅक्रिमोनियस डिस्कशन’ झालं म्हणे. हे काय आता? आम्ही काय भांडत होतो का?

मकरंद (ए-७०१): नव्हतो? मग माझ्या गाडीला भंगार कोण म्हणालं?

सेक्रेटरी: शब्द माझा नाही. इंग्रजी सानिकाने तपासलंय.

सानिका (सी-१०३): काका, तुमच्या ‘हीटेड’चं स्पेलिंग चुकलं होतं. म्हटलं त्यापेक्षा जरा बरा शब्द घालू 😬

वहिनी (बी-२०४): आधी अर्थ सांगा कुणीतरी.

नाना (सी-४०१): सांगतो. मूळ लॅटिन ‘आकेर’, म्हणजे धारदार, झोंबणारं. परवा मागच्या गल्लीत कुणी प्लास्टिक जाळलं आणि आपल्या सगळ्यांच्या घशात खवखवलं, त्या धुराला अॅक्रिड म्हणतात. तेच झोंबणं माणसाच्या बोलण्यात उतरलं की अॅक्रिमनी. पण नुसता आवाज चढला आणि चहा आल्यावर मिटलं, तर हा शब्द वापरू नये. मनात जुनं काही धरून टोचत राहणं, ही अॅक्रिमनी.

मकरंद (ए-७०१): म्हणजे बरोबरच लिहिलंय 😂

वहिनी (बी-२०४): 🙄

सानिका (सी-१०३): नाना, अॅसिड पण यातलंच ना?

नाना (सी-४०१): त्याच कुळातलं. व्हिनेगरही. फ्रेंचमध्ये ‘व्हँ’ म्हणजे वाइन, ‘एग्र’ म्हणजे आंबट. आणि गंमत बघ, त्याच ‘एग्र’चं इंग्रजीत ईगर झालं. आज ईगर म्हणजे उत्सुक, पण शेक्सपिअरच्या वेळी जुना अर्थ जिवंत होता. हॅम्लेटच्या पहिल्या अंकात रात्री तटावर पहाऱ्याला उभे असतात, तेव्हा होरेशिओ हवेला ईगर म्हणतो. हवा उत्सुक कशी असेल? बोचरी. पुढच्याच प्रवेशात राजाचं भूत सांगतं की कानात ओतलेलं विष अंगात भिनलं आणि रक्त गोठलं, दुधात ‘ईगर’ थेंब पडावेत तसं. म्हणजे आपण पनीर करताना लिंबू पिळतो ना, अगदी ते.

सेक्रेटरी: टँकर ११ वाजता येतोय. बी विंगने गेटसमोरच्या गाड्या काढाव्यात.

मकरंद (ए-७०१): माझी काढली. भंगार असली तरी चालू होते.

काकू (बी-५०२): नाना, आम्ही घरी झेंडूच्या फुलांनी कापड रंगवतो. आधी तुरटीच्या पाण्यात भिजवावं लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यात रंग जातो. क्लासच्या मॅडम तुरटीला मॉर्डंट म्हणायच्या. आणि मुलगा परवा कुणाच्या तरी विनोदाला मॉर्डंट ह्यूमर म्हणाला. तुरटीचा आणि विनोदाचा काय संबंध?

नाना (सी-४०१): वा काकू, छान पकडलंत! फ्रेंच ‘मॉर्द्र’ म्हणजे चावणे. रंगाऱ्यांची समजूत अशी की तुरटी धाग्याला चावते, म्हणून रंग धरून बसतो. चावरा विनोद तो मॉर्डंट. रिमोर्स म्हणजे पश्चात्ताप, तोही यातलाच, मनाला पुन्हा पुन्हा चावणारा. सार्कॅझम तर त्याहून भयंकर, ग्रीकमध्ये मूळ अर्थ मांसाचा लचका तोडणे. बिटर मात्र लॅटिन-ग्रीक नाही, जुनं अस्सल इंग्रजी आहे. बाइटचं भावंड. इंग्रजांना कारलं आधी चावलं, मग कडू लागलं!

डॉक्टर ताई (ए-२०२): आपल्याकडेही मजाच आहे. माझे पेशंट दर वेळी गोंधळतात. आयुर्वेदात कटु रस म्हणजे कडू नाही, तिखट. त्रिकटु चूर्णात सुंठ, मिरी, पिंपळी, तिन्ही तिखट. कडुनिंब, कारलं हे तिक्त. आणि तिक्त नि तीक्ष्ण दोन्ही एकाच ‘तिज्’ धातूचे, धार लावण्याचा अर्थ असलेल्या. मराठीत येईपर्यंत कटुचं कडू झालं, तीक्ष्णाशी नातं सांगणारं तिखट मिरचीकडे गेलं. चवींनी घरं बदलली.

नाना (सी-४०१): ताई 🙏 हे मी वहीत उतरवून घेतो.

वहिनी (बी-२०४): सगळं छान, पण मुद्दा ६ चं काय? तो शब्द बदला.

सानिका (सी-१०३): कॉस्टिक लिहू? की व्हिट्रिऑलिक?

नाना (सी-४०१): अगं नको! कॉस्टिक म्हणजे जाळणारं, कॉस्टिक सोडा आठव. व्हिट्रिऑल म्हणजे मोरचूद-हिराकस यांसारखे काचेसारखे चमकणारे खडे. त्यांच्यापासून निघणाऱ्या गंधकाम्लाला ऑइल ऑफ व्हिट्रिऑल म्हणत. व्हिट्रिऑलिक म्हणजे तोंडावर अॅसिड फेकल्यासारखं बोलणं. सभा तितकी काही वाईट झाली नव्हती.

मकरंद (ए-७०१): नाना, तुम्ही साडेआठलाच घरी गेला होतात.

सेक्रेटरी: ठीक आहे. इंग्रजी राहू द्या. मुद्दा ६ मराठीत करतो: ‘पाहुण्यांच्या पार्किंगबाबत सविस्तर चर्चा झाली.’

वहिनी (बी-२०४): चालेल. आणि ते भंगारचं वाक्य काढून टाका.

मकरंद (ए-७०१): काढायचं नाही. नावासकट पाहिजे.