बांगलादेशचं आयात शुल्क आणि वरुड-मोर्शीचा संत्रा: तोड ढाक्यात निघेल की बांधावर?

अंबिया_बहार (धागाकर्ता)

दक्षिण आशियातली सुरक्षा, व्यापार आणि विकास एकत्र अभ्यासणारे लोक एक गोष्ट वर्षानुवर्षं मांडत आलेत. शेजाऱ्यांचं बिनसलं की व्यापार आटतो. व्यापार आटला की भांडण मिटवण्यात कुणाचाच फायदा उरत नाही. आणि याची किंमत सीमेपासून हजार किलोमीटर लांबचा शेतकरी भरतो. इथल्या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के आहे; आग्नेय आशियात तोच २५ टक्क्यांच्या आसपास. दक्षिण आशियातल्या मुक्त व्यापाराचा साफ्टा करार १ जानेवारी २००६ पासून लागू आहे, पण सार्क या इथल्या देशांच्या संघटनेची शिखर परिषद २०१४ च्या काठमांडूनंतर झालेलीच नाही.

वरुड, मोर्शी, चांदूरबाजार, काटोल, नरखेड या पट्ट्याला हे थेट लागू होतं. नागपुरी संत्र्याचं परदेशातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. तिथलं शुल्क २०१९ मध्ये किलोला २० रुपये होतं, २०२३ मध्ये ८८ वर गेलं. २० टनांच्या एका ट्रकवर १७ लाख ६० हजार रुपये! माल तिकडे गेला नाही की तोच नागपूर, दिल्ली, कोलकात्याच्या बाजारात येऊन पडतो आणि अंबियाचा (हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या बहाराच्या फळाचा) भाव ऐन तोडीत बसतो.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. हे शुल्क वाटाघाटीतूनच उतरेल. दोन देशांमधल्या सर्वंकष आर्थिक भागीदारी कराराचा संयुक्त अभ्यास २०२२ मध्ये पूर्ण झालेला आहे. विदर्भाच्या खासदारांनी आणि बाजार समित्यांनी त्या करारात संत्रा नाव घेऊन मागावा. विरोधी मत असेल तर आकड्यांसह मांडा.

कस्टम_खिडकी

विरोधी मत आहे, आणि आकडे घ्या.

"८८ रुपये शुल्क" असं आपण म्हणतो, पण तो एक कर नाही, सहा करांची उतरंड आहे. तिथलं कस्टम ताज्या फळाला किलोमागे डॉलरमध्ये किमान मूल्य धरतं. बिलावर कमी भाव लिहून सुटका नाही. ते मूल्य १०० धरा. २०२२ च्या मेनंतरचा हिशेब असा: कस्टम ड्युटी २५. नियामक शुल्क २०. या १४५ वर २० टक्के पूरक शुल्क, म्हणजे २९. झाले १७४. त्यावर १५ टक्के व्हॅट २६.१० आणि ५ टक्के आगाऊ कर ८.७०. शिवाय मूळ १०० वर ५ टक्के आगाऊ आयकर. बेरीज ११३.८० टक्के.

आता साफ्टासारखा करार यातलं काय कमी करतो? फक्त पहिले २५. ते शून्य करून पुन्हा मांडा: नियामक २०, पूरक २४, व्हॅट २१.६०, आगाऊ कर ७.२०, आयकर ५. तरी ७७.८० उरतातच. म्हणजे दहा वर्षं वाटाघाटी करून कस्टम ड्युटी पूर्ण माफ करून घेतली तरी दोन तृतीयांश भिंत उभीच.

आणि हे शुल्क भारतावर राग म्हणून लावलेलं नाही. मे २०२२ मध्ये ढाक्याने डॉलर वाचवायला १३५ हून अधिक वस्तूंवरचं नियामक शुल्क वाढवलं. फळांवर ते ३ चं २० टक्के झालं, चीन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फळांनाही तेच. त्याआधीची बेरीज ८९.३२ होती. वर तिथलं चलन, टका, घसरलं: २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला ८६, २०२३ च्या अखेरीस ११०. मूल्य डॉलरमध्ये, कर टक्क्यांत. टका पडला की किलोमागचा कर आपोआप चढतो. यात सुरक्षा आणि मैत्रीचा संबंध फार थोडा आहे.

बांधावरून

कस्टम_खिडकी भाऊंनी बरोबर जागी बोट ठेवलं. राजेहो, ढाक्याच्या अर्थमंत्र्याच्या भरवशावर बाग लावायची असते काय? एकाच गिऱ्हाइकावर अर्धी आस ठेवली हाच मूळ दोष.

आपल्या हातात काय आहे ते पाहा. आजही बहुतेक तोडा फळ ओढून होतो. देठाजवळ साल फाटते, तिथून निळी-हिरवी बुरशी शिरते, आणि एक फळ सडलं की खालची दहा ओली होतात. कात्रीने, देठाची टिकली ठेवून तोडायला मजुरी जास्त पडते हे खरं, पण सड तिथंच अर्धी थांबते. मग ट्रकमध्ये तणस घालून सुटा माल भरायचा, खालच्या थराने वरच्याचं वजन सोसायचं. त्यापेक्षा २० किलोचं हवेशीर क्रेट, काठापासून दोन बोटं खाली भरलेलं. धुवून, वाळवून, मेण चढवून, प्रतवारी करून ६ ते ७ अंश तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवलं तर हेच फळ महिना-सव्वा महिना निघतं. ५ अंशांखाली नेऊ नका, सालीवर तपकिरी डाग पडतात. साध्या हवेत मात्र आठ-दहा दिवस.

हा महिनाभराचा वेळच आपल्याला दुबईचा, चेन्नईचा, बंगळुरूचा बाजार उघडून देतो. करार होईल तेव्हा होईल, पॅकहाऊस पुढच्या हंगामाला उभं राहू शकतं.

अंबिया_बहार

बांधावरून दादा, तोडणीचं सगळं मान्य. पण तुमचं थंड केलेलं फळ पेट्रापोलला (बंगालमधला सीमेवरचा नाका, पलीकडे बेनापोल) पोहोचल्यावर त्याचं काय होतं तेही पाहा. भारतीय ट्रक सीमेपलीकडे माल उतरवून परत फिरतो आणि माल बांगलादेशी ट्रकमध्ये भरला जातो. जागतिक बँकेच्या २०२१ च्या अभ्यासात पेट्रापोल-बेनापोल ओलांडायला १३८ तास धरलेत, त्यातले २८ नुसते माल बदलण्यात. पूर्व आफ्रिकेत असंच नाकं ६ तासांच्या आत पार होतं. वरुडहून तिथवर १,२०० ते १,३०० किलोमीटर रेफर (शीत) ट्रकचं भाडं भरायचं आणि शीतसाखळी नाक्यावर उन्हात तोडायची! हा अडथळा पॅकहाऊस बांधून जात नाही. भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान यांचा मोटार वाहन करार १५ जून २०१५ ला थिंफूत झाला. तो नीट अमलात आला असता तर एकच सील केलेली गाडी ढाक्यापर्यंत गेली असती. तो अडकला राजकारणात, शेतात नाही.

कस्टम_खिडकी, तुमची बेरीज मी नाकारत नाही. पण ती एका गृहीतावर उभी आहे: मागायची फक्त कस्टम ड्युटी. नियामक आणि पूरक शुल्कही टेबलावर घ्या. तिन्ही काढा, बेरीज २५ वर येते. हे मागण्याची ताकद भारताकडे आहे, कारण २०११ पासून दारू-तंबाखूच्या २५ वस्तू वगळता बांगलादेशचा सगळा माल आपण शुल्काविना घेतो. ती सवलत अल्पविकसित देश म्हणून आहे. त्या यादीतून बांगलादेश बाहेर पडण्याची ठरलेली तारीख २४ नोव्हेंबर २०२६. त्यानंतर सवलत टिकवायची तर त्यांनाही करार लागतोच.

राजशिष्ट

भाजी-फळांचा माल नाक्यावर आधी सोडतात, १३८ तास हा सरसकट मालाचा आकडा आहे. तेवढं लक्षात घ्यावं.

सीमा_प्रथम

या चर्चेत सुरक्षा हा शब्द सगळे अडथळा म्हणून वापरताहेत. मला ते पटत नाही. ५ ऑगस्ट २०२४ ला ढाक्यातलं सरकार पडलं तेव्हा नाक्यांवर ट्रक अडकले. एप्रिल २०२५ मध्ये भारताने बांगलादेशी मालाला तिसऱ्या देशात जाण्यासाठी दिलेली ट्रान्सशिपमेंट सुविधा काढून घेतली, मे महिन्यात त्यांचे तयार कपडे जमिनीच्या नाक्यांवरून बंद करून फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातून येऊ दिले. हे निर्णय देशाच्या पूर्व सीमेचा विचार करून घेतले जातात. ईशान्य भारताला जोडणारी सिलिगुडीची चिंचोळी पट्टी सांभाळायची असेल तर व्यापार हे हत्यार हातात ठेवावंच लागतं. एका पिकासाठी ते खाली ठेवा अशी मागणी विदर्भाने करू नये. नुकसान होतंय तर त्याची भरपाई केंद्राने करावी. मागणी ती हवी.

पांढरं_सोनं

सीमा_प्रथम, एक पीक नाही हो. यवतमाळ, वर्धा, हिंगणघाटचा कापूस यात आहे.

बांगलादेशच्या कापड गिरण्या आपल्या सुताच्या मोठ्या गिऱ्हाईक. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी बेनापोलसह जमिनीच्या नाक्यांवरून भारतीय सूत बंद केलं. समुद्रमार्ग उघडा आहे, पण छोट्या गिरणीला ट्रकभर सूत मागवायची सोय गेली, कंटेनर भरेल एवढी ऑर्डर द्यावी लागते. इकडे १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं आणि ती सूट २०२५ च्या डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, नेमकी आपल्या वेचणीच्या काळात. सुताचा एक रस्ता अरुंद, बाहेरच्या गाठींना तेव्हा दार उघडं. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये जाहीर झाला तरी खेड्यातल्या खरेदीत व्यापारी सुताची मागणी पाहूनच भाव काढतो.

हत्यार वापरा, पण त्याचा वार कोणत्या जिल्ह्यावर पडतो हे आधी मोजा. भरपाईचं म्हणाल तर ती कागदापर्यंत पोहोचते, शेतकऱ्यापर्यंत नाही.

कस्टम_खिडकी

भरपाईवर लिहायचंच होतं. २०२३ च्या अखेरीस राज्याने किलोला ४४ रुपये, म्हणजे शुल्काच्या निम्मे, देण्यासाठी १६९ कोटी ६० लाखांची तरतूद केली. भागाकार केला तर साधारण ३८ हजार ५०० टन माल होतो. अडचण पैशाची कमी, रचनेची जास्त. अनुदान मागायला निर्यातदाराचा कोड, बिल ऑफ एक्सपोर्ट, बँकेत परकीय रक्कम आल्याचा दाखला आणि वनस्पती स्वच्छता प्रमाणपत्र लागतं. हे चारही कागद व्यापाऱ्याच्या नावाने असतात. बाग मात्र बहुतेक वेळा झाडावरच ठोक्याने विकलेली, इसार घेतलेला, भाव दोन महिने आधी तोडलेला. अनुदान नंतर जाहीर झालं तर ते शेतकऱ्याच्या भावात येणार कुठून?

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या २०१५ च्या नैरोबी निर्णयानुसार विकसनशील देशांना शेतमाल निर्यातीच्या वाहतूक आणि विपणन खर्चावर अनुदान द्यायची मुभा २०२३ अखेरपर्यंतच होती. त्यापुढे अशी योजना दरवर्षी चालवणं नियमांत बसवणं अवघड. सीमा_प्रथम म्हणतात ती भरपाई निर्यातीला न जोडता नुकसानीला, एकराला जोडावी लागेल.

बांधावरून

म्हणूनच म्हणतो, ठोक्याची पद्धत मोडल्याशिवाय यातला एक रुपयाही बागेत येत नाही. कंपनी शेतकऱ्यांची, कोड कंपनीचा, बिल कंपनीच्या नावाने, आणि सौदा झाडावर न करता प्रतवारीनंतर क्रेटवर. ढाक्याला जावो की दुबईला, फरक शेतकऱ्याच्या खात्यात दिसतो. अंबिया_बहार भाऊ, तुमचा करार उद्या झाला तरी ठोक्यात दिलेल्या बागेचा फायदा इसार देणाऱ्यालाच जाईल.

अंबिया_बहार

क्रेटवरच्या सौद्याला माझा पाठिंबा. पण शुल्क शंभर टक्क्यांच्या वर असताना कंपनीच्या क्रेटलाही ढाक्यात गिऱ्हाईक नाही, आणि अंबियाचं सगळं पीक दुबई-चेन्नई उचलू शकत नाही. दोन्ही कामं एकाच हंगामात सुरू करावी लागतील, आधी-नंतर नाही.

मागणीपत्र लिहिणाऱ्यांसाठी एक तपशील. नागपुरी संत्रा मँडरीन गटात, कस्टमचा कोड ०८०५२१. माल्टा आणि मोसंबीसारखी गोड संत्री ०८०५१० मध्ये. निवेदनात नुसतं संत्रा लिहिलं आणि सवलत ०८०५१० ला मिळाली तर वरुडचा एक क्रेटही तिच्यात बसणार नाही. कोडसोबत तिन्ही शुल्कांची नावं वेगवेगळी लिहा: कस्टम, नियामक, पूरक. आणि नाशवंत मालासाठी पेट्रापोलला ट्रक न बदलता सील केलेली गाडी पुढे जाऊ देण्याची मागणी स्वतंत्र परिच्छेदात टाका, कारण ती वाणिज्य मंत्रालयाकडे एकट्याकडे नसते. रस्ते वाहतूक आणि गृह खात्यालाही प्रत द्यावी लागते.

सीमा_प्रथम

गृह खात्याला प्रत देणार असाल तर सील, जीपीएस आणि चालकाची आधी पडताळणी हे तुम्हीच निवेदनात लिहा. त्याशिवाय त्या परिच्छेदाला माझा विरोध राहील.