मदत हवी आहे: पॉल स्कोल्सच्या कोणत्या मॅचेस पूर्ण बघाव्यात?

मंडळी, भाचा शाळेच्या फुटबॉल टीममध्ये मिडफिल्डला खेळतो. पाय चांगला आहे, पण बॉल आला की मान खाली! म्हटलं, याला मँचेस्टर युनायटेडचा जुना मिडफिल्डर स्कोल्स दाखवू.

यूट्यूबवर शोधलं तर नुसते गोल. २००० साली ब्रॅडफर्डविरुद्ध बेकहॅमच्या कॉर्नरवर मारलेली व्हॉली, २००८च्या सेमीफायनलमध्ये बार्सिलोनाला लांबून ठोकलेला गोल. भाचा खूश, पण मला हवंय ते वेगळंच. पास पायाशी येण्याआधी स्कोल्स खांद्यावरून मागे बघून घेतो ना, ते. हायलाइट्समध्ये नेमकं तेच कापलेलं असतं.

तर सुरुवातीचा, पुढे घुसून गोल मारणारा स्कोल्स नको. नंतरचा, खाली राहून खेळ चालवणारा हवा. २०११ला निवृत्त होऊन जानेवारी २०१२मध्ये परत आला, त्यानंतरच्या मॅचेसही चालतील.

इंग्लंडच्या सुचवू नका प्लीज. युरो २००४मध्ये त्याला मधून काढून डावीकडे खेळायला ढकललं होतं, ते बघून माझंच डोकं फिरतं. त्यानंतर २९व्या वर्षी, ६६ मॅचेसवर त्याने इंग्लंडकडून खेळणंच सोडलं.

आणि हो, त्याच्या त्या बेकार टॅकलिंगचं (समोरच्याकडून बॉल काढून घ्यायला पाय घालण्याचं) काय करू? ते भाच्याने अजिबात उचलायला नकोय.