दुकानाच्या खरेदीसाठी मशीन लर्निंग शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

म्हापशात आमचं किराण्याचं होलसेल दुकान आहे. खरेदी काका बघतात, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) माझ्याकडे. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं: गावोगावचे दुकानदार आणि किनाऱ्यावरची हॉटेलं. चवथीला (गणेश चतुर्थीला) गूळ-रवा किती भरायचा आणि डिसेंबरात हॉटेलांसाठी लोणी, क्रीम किती, हे काका अंदाजाने सांगतात, आणि बहुतेकदा बरोबर निघतं. पण तो अंदाज त्यांच्या डोक्यातच राहतो, म्हणून हा खटाटोप. मी बी.कॉम., पायथॉन जेमतेम.

2019 पासूनची विक्री एक्सेलमध्ये काढली आहे. घोळ तारखांचा आहे. चवथ 2023 ला 19 सप्टेंबरला, 2024 ला 7 सप्टेंबरला आणि 2025 ला थेट 27 ऑगस्टला. महिन्याच्या रकान्यावर शिकलेलं मॉडेल 2025 च्या ऑगस्टात झोपूनच राहिलं. मग 'चवथीला किती दिवस उरले' असा रकाना घातला, तेव्हा जरा माणसात आलं. शिगमो (गोव्याचा होळीचा सण), मासेमारी बंदी (1 जून ते 31 जुलै) यांचेही असेच रकाने करू का? बंदीत कडधान्य जास्त उचलतं असं काकांचं म्हणणं. जुन्या गोव्याचं सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शवप्रदर्शन 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 होतं, ते येतं दहा वर्षांनी. तो डिसेंबर नेहमीचा धरू? आणि कोविडची 2020-21 गाळून टाकू?

अँड्र्यू इंग (Andrew Ng) यांचा मशीन लर्निंगचा ऑनलाइन कोर्स सुरू केलाय. शिकवतात झकास, पण ग्रेडियंट डिसेंटवरून (चूक थोडी थोडी कमी करत मॉडेल शिकवायची पद्धत) गुळाच्या ढेपींपर्यंत कसं यायचं ते कळेना. धंद्यात वापरत वापरत कुणी शिकलंय का? नुसत्या लिंका नकोत, त्या माझ्याकडे ढीगभर आहेत.

प्रतिसाद १

कोर्स सावकाश होऊ दे. गेल्या चवथीला तितकेच दिवस उरले असताना जेवढं गेलं तेवढंच यंदा जाईल, हा फुकटचा अंदाज आधी मांडा. मॉडेल त्याला हरवत नसेल तर काकाच बरे. तपासताना ओळी पत्त्यांसारख्या पिसू नका; 2024 पर्यंतचं शिकवा, 2025 वर तपासा. रकाने जरूर करा. कोविडची वर्षं गाळा, शवप्रदर्शनाला वेगळी खूण.

पण खरी गोम पुढे आहे. टॅलीत विक्री असते, मागणी नाही. गूळ संपला की पुढे शून्य दिसतं आणि मॉडेलला वाटतं, कुणाला नकोच होता. साठा संपलेले दिवस स्टॉक रजिस्टरवरून शोधून बाजूला काढा.

आणि सरासरी अंदाजावर खरेदी करू नका. समजा माल कमी पडला तर नगामागे 300 रुपये नफा बुडतो आणि उरला तर 100 चं नुकसान. 300 भागिले 400, म्हणजे 75 टक्के: चारांतल्या तीन वेळा पुरेल एवढं भरा. क्रीमचं गणित उलटं, ते उरलं की फेकायचंच. सायकिट-लर्नमध्ये (पायथॉनची मशीन लर्निंगची लायब्ररी) क्वांटाइल रिग्रेशन (सरासरीऐवजी 'इतके टक्के वेळा पुरेल' असा आकडा काढायची पद्धत) आहे, ते याच कामाचं. शिकायचं तर ते आधी शिका.

धागाकर्ता

हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं, आभार! एक शंका: हॉटेलवाले माल आधी नेतात, बिल महिनाअखेरीस एकदम होतं. तारीख कुठली धरू?

प्रतिसाद १

माल गेल्याची. डिलिव्हरी चलनं जपून ठेवली असतील अशी आशा आहे.