स्टेज २ च्या रिपोर्टात स्ट्रोमाचं प्रमाण लिहायचं की नाही?

काचपट्टी:
मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या रिपोर्टात आपण टी (गाठ भिंतीत किती खोल गेली) लिहितो, एन (लिम्फ नोडमध्ये पसरली का) लिहितो, किती लिम्फ नोड सापडले ते लिहितो (१२ तरी हवेतच), ग्रेड, रक्तवाहिन्यांतला शिरकाव, एमएमआर (डीएनए-दुरुस्तीची प्रथिनं). सगळी नजर गाठीच्या पेशींवर. त्यांच्या भोवतीच्या स्ट्रोमाच्या (आधार देणाऱ्या तंतुमय ऊतीच्या) वाट्याला फार तर 'डेस्मोप्लास्टिक' (दाट तंतुमय) हा एक शब्द येतो. माझं म्हणणं, स्टेज २ आणि ३ मध्ये तरी स्ट्रोमाचं प्रमाण आकड्यात द्या.

२०१५ मध्ये कोणती जनुकं किती सक्रिय आहेत यावरून या कॅन्सरचे चार गट पाडले. चौथा, सीएमएस ४, साधारण २३ टक्के, आणि जगण्याच्या दृष्टीने वाईट. त्याच वर्षी बार्सिलोना आणि तोरिनोच्या प्रयोगशाळांनी दाखवलं की ही 'वाईट' जनुकं मुख्यतः स्ट्रोमातल्या फायब्रोब्लास्टची (तंतू बनवणाऱ्या पेशींची) आहेत, गाठीच्या पेशींची नव्हेत. तोरिनोवाल्यांची युक्ती झकास होती. माणसाची गाठ उंदरात वाढवली की तिचा स्ट्रोमा हळूहळू उंदराचा होतो. मग फक्त मानवी आरएनए मोजला, तर ती जनुकं जवळजवळ दिसेनाशी!

वॉर्डराउंड:
वाचायला छान आहे, पण आकडा हातात आल्यावर मी करू काय? स्टेज २ मध्ये केमोचा निर्णय टी ४, १२ पेक्षा कमी नोड, आतडं तुंबलेलं किंवा फुटलेलं, यांवर होतो. कॅन्सरच्या गाठीतून रक्तात आलेल्या डीएनएवरून केमो ठरवणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत (२०२२) केमोचं प्रमाण २८ वरून १५ टक्क्यांवर आलं आणि दोन वर्षांत रोग उलटण्याचं प्रमाण वाढलं नाही. याला म्हणतात उपयोगी तपासणी. 'स्ट्रोमा जास्त' म्हणून ऑक्सालिप्लॅटिन हे केमोचं औषध दिलं आणि पेशंटचे तळपाय कायमचे बधिर झाले, तर त्याचं उत्तर कोण देणार?

आणि स्ट्रोमाला लक्ष्य करणाऱ्या औषधांची यादीही बघा. फायब्रोब्लास्टवरच्या एफएपी या प्रथिनाविरुद्धचं सिब्रोटुझुमॅब २००३ मध्ये पसरलेल्या कोलोरेक्टल कॅन्सरमध्ये आजमावलं. गाठ एकाचीही लहान झाली नाही. स्ट्रोमाचे तंतू एकमेकांना जोडणारं लॉक्सएल२ हे एन्झाइम रोखणारं सिमटुझुमॅब फोल्फिरी या केमोबरोबर दिलं, फायदा शून्य.

काचपट्टी:
औषध नाही म्हणून भाकीतही नको, हे कुठलं तर्कशास्त्र? ग्रेडवर तरी कुठे औषध आहे?

पाचवा_ब्लॉक:
माझा विरोध दुसऱ्याच कारणाने. तत्त्व मान्य, मोजमापावर भरवसा नाही. स्ट्रोमा मोजायची लायडनची (नेदरलँड्स) पद्धत कागदावर सोपी आहे. ज्या स्लाइडवर टी ठरवला तीच एच अँड ई (नेहमीच्या रंगाची) स्लाइड घ्या. लहान भिंगाखाली सगळ्यात जास्त स्ट्रोमा असलेली जागा शोधा, मग १०च्या ऑब्जेक्टिव्हवर या. क्षेत्राच्या चारही कडांना गाठीच्या पेशी दिसल्याच पाहिजेत, नाहीतर ते क्षेत्र बाद. स्ट्रोमा दहा-दहा टक्क्यांच्या टप्प्यांत अंदाजा. ५० पर्यंत कमी, ५० च्या वर जास्त. अनेक क्षेत्रं असली तरी सरासरी काढायची नाही. सगळ्यात जास्त आकडा धरायचा.

घोळ इथे होतात:
गाठ मस्क्युलॅरिस प्रोप्रियात (आतड्याच्या भिंतीतल्या स्नायूंच्या थरात) शिरली असेल तर घाईत गुळगुळीत स्नायूही स्ट्रोमात मोजला जातो. तो वगळायचा. म्युसिनची (चिकट स्रावाची) तळी आणि नेक्रोसिसही (मेलेला भाग) वगळायचे. म्युसिनस किंवा सिग्नेट रिंग (पेशींत म्युसिन भरलेल्या) गाठीत हे सगळं वगळल्यावर मोजायला उरतं काय? आपल्याकडे तरुण पेशंटमध्ये या गाठी नेहमी दिसतात, तेव्हा हा प्रश्न किरकोळ नाही. रेक्टमला आधी रेडिएशन दिलं असेल तर ती फायब्रोसिस उपचाराची, गाठीची नव्हे. तिथे हा आकडा देऊच नये. कोलोनोस्कोपीच्या बायॉप्सीवरूनही नको. चिमटा वरवरचा तुकडा आणतो, शिरकावाची खरी कड खाली राहते.

आणि ५० च्या आसपासच्या केसेस? आज ५०, उद्या ६०. तिथेच निकाल फिरतो.

यकृतवाला:
तुम्ही सगळे 'स्ट्रोमा म्हणजे वाईट' हे धरूनच चालला आहात. हाच कॅन्सर पोर्टल व्हेनमधून यकृतात गेला की चित्र उलटं होतं. काही मेटास्टेसिसभोवती (पसरलेल्या गाठींभोवती) तंतुमय कडं तयार होतं, गाठ आणि हेपॅटोसाइट (यकृताच्या पेशी) यांच्यात भिंत. हा डेस्मोप्लास्टिक प्रकार, आणि कापून काढल्यावर हेच पेशंट जास्त जगतात. दुसऱ्या प्रकारात भिंतच नसते. गाठीच्या पेशी हेपॅटोसाइटच्या रांगेत घुसून त्यांची जागा घेतात आणि यकृताच्याच सायनुसॉइडवर (बारीक रक्तवाहिन्यांवर) जगतात. नवीन रक्तवाहिन्या लागतच नाहीत, मग नवीन रक्तवाहिन्या रोखणारं बेव्हॅसिझुमॅब अडवणार काय? तो प्रकार वाईट.

स्वादुपिंडात तर धडाच मिळाला. स्ट्रोमा कमी करणाऱ्या सॅरिडेगिबची चाचणी २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणारे प्लासिबोवाल्यांपेक्षा लवकर दगावत होते. दोन वर्षांनी उंदरांमधल्या प्रयोगांत दिसलं की फायब्रोब्लास्ट काढले की गाठ उलट आक्रमक होते.

काचपट्टी:
यकृताचा मुद्दा बिनशर्त मान्य. म्हणूनच मी हा आकडा फक्त मूळ गाठीसाठी मागतोय. पण 'स्ट्रोमा मारा' आणि 'स्ट्रोमाचं बोलणं तोडा' यात फरक करा. आतड्यातली साखळी बरीच स्पष्ट आहे. गाठीच्या पेशी टीजीएफ-बीटा हा संदेश-रेणू सोडतात, पण तो ऐकणारी टीजीएफबीआर२ किंवा एसएमएडी४ ही जनुकं बिघडल्यामुळे स्वतः बहुधा त्याला बहिऱ्या असतात. ऐकतो शेजारचा फायब्रोब्लास्ट. तो आयएल-११ हा उलट संदेश सोडतो, त्याने गाठीच्या पेशीत एसटीएटी३ हे प्रथिन चालू होतं, आणि यकृतात नुकतीच पोचलेली पेशी मरायची ती तगते. उंदरांत टीजीएफ-बीटाची वाट अडवली की यकृतातल्या गाठींत टी-पेशी शिरू लागल्या आणि पीडी-एल१ विरोधी औषध (टी-पेशींचा ब्रेक काढणारं) लागू पडलं (२०१८).

वॉर्डराउंड:
उंदरांत. पेशंट मिळाला की कळवा.

पाचवा_ब्लॉक:
काचपट्टी, तडजोड सांगतो. बडिंग (गाठीच्या कडेला सुटलेल्या पेशींचे बारीक पुंजके) आपण आता देतोच: ०.७८५ चौरस मिमीच्या हॉटस्पॉटमध्ये ४ किंवा कमी पेशींचे पुंजके मोजून, ० ते ४ बीडी१, ५ ते ९ बीडी२, १० पासून पुढे बीडी३. त्याच ओळीखाली स्ट्रोमा द्या, पण निदानाच्या चौकटीत नको, टिप्पणीत. कोणत्या ब्लॉकवर मोजलं ते लिहा. म्युसिनस आणि रेडिएशननंतरच्या केसमध्ये 'लागू नाही' असं स्पष्ट लिहा. आणि आकडा ४० ते ६० मध्ये आला तर दुसऱ्याला स्लाइड दाखवल्याशिवाय सही करू नका.

वॉर्डराउंड:
टिप्पणीत चालेल. फक्त ते ठळक अक्षरांत छापू नका, नातेवाईक आधी तेच वाचतात.