लहान मुलांची दातांच्या डॉक्टरांकडची पहिली भेट: तुमचे अनुभव

रमाची आई: वहिनीचा फोन होता, भाचीला पहिल्यांदाच दातांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय, काय सांगू तिला? एकदम रमा तीन वर्षांची होती तेव्हाचं आठवलं. आमच्या लहानपणी दाढ दुखली की लवंग, अगदीच असह्य झालं की दवाखाना. म्हणजे डॉक्टर दिसायचे ते दात उपटतानाच! म्हणून रमाला काही दुखत नसतानाच नेलं. त्याआधी घरी रोज रात्री खेळ: ती डॉक्टर, मी आडवी, मोबाइलचा टॉर्च, 'आ करा', आणि दात मोजायचे. तिथे डॉक्टरताईंनी आरसा आधी तिच्या नखावर फिरवला, मग तोंडात. वीसच्या वीस दात मोजून झाले तरी बाईसाहेब खुर्चीतून उतरेनात. तुम्ही काय केलंत? लिहा, वहिनीला पाठवते.

नाशिककर बाबा: सकाळची वेळ घ्या. झोपेच्या वेळी नेलं तर कुणीही रडेल. आणि 'सुई टोचणार नाहीत हं' असं म्हणू नका, तोवर सुई पोराच्या डोक्यातही नसते.

जुळ्यांची आई: आमचे दोघे वर्षाचे होते. डॉक्टर आणि मी समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून. पाय माझ्याकडे, डोकं त्यांच्या मांडीवर. भोकाड पसरलं की तोंड आपोआप उघडतं, हाहा. कुकर झाला, नंतर लिहिते.

मृण्मयी: 'दुधाचेच दात, पडणारच आहेत' हे ऐकून ऐकून वैताग येतो. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात! भाचा रात्री दुधाची बाटली तोंडात धरून झोपायचा, वरचे पुढचे चारही दात किडले.

चिऊताई: मृण्मयी, बाटली सोडवली कशी? आमची रात्री आकांत करते.

मृण्मयी: दुधात रोज थोडं थोडं पाणी वाढवत गेली बहीण. शेवटी नुसतं पाणी उरलं, मग त्यानेच सोडली. धीर धरा, सुटते.

सोलापूरची मावशी: आमच्या नातीच्या किडीवर नुसतं औषध लावलं, मशीन नाही की काही नाही. तेवढा भाग काळा पडतो, ते आधीच सांगितलं होतं. रडली नाही गुणाची पोर.

चिऊताई: पेस्ट किती घ्यायची?

नाशिककर बाबा: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. फ्लोराइडवालीच.

जुळ्यांची आई: आले परत. ठाण्यात लहान मुलांचे दातांचे डॉक्टर कुणाला माहीत आहेत का? आमचे डॉक्टर गाव सोडून गेले.

मृण्मयी: विपू (तुमच्या पानावर निरोप) केलीय.