भोंग्यानंतरची पहिली तीन वाक्यं

तारापूर अणुवीज केंद्राच्या आपत्कालीन सरावाशी नाशिकच्या तलाठी-ग्रामसेवकांचा काय संबंध, असं कुणीतरी विचारलंय. आपण केंद्राभोवतीच्या 16 किमीच्या आपत्कालीन नियोजन क्षेत्राबाहेर आहोत हे खरं. पण गंगापूर धरणातून विसर्ग सोडताना गोदाकाठी इशारा देणारी माणसं हीच, आणि चूकही तीच होते. भोंगा कारण सांगत नाही, मग लोक बघायला बाहेर येतात. म्हणून लगेच दवंडी हवी, तीही बॅटरीवरच्या कर्ण्यातून, कारण वीज ऐन वेळी जाते. अणुकेंद्रासाठीचा मजकूर आधीच पाठ हवा: ‘घरात जा. दारं-खिडक्या लावा, कूलर बंद करा. शाळेतली मुलं शाळेतच थांबतील, आणायला निघू नका.’ हे शेवटचं वाक्य राहिलं की रस्ते तुंबतात! आयोडीनची गोळी आदेशाशिवाय नको. ती किरणोत्सर्गी आयोडीनपासून फक्त गळ्यातली थायरॉइड ग्रंथी वाचवते.